साठ संगणकांची हजेरी

सकाळचे सात, संगणक साठ, हजर माणसं दोन: मी आणि सोपानमामा. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी हिशेब बघतो आणि मामा कॉम्प्युटर लॅब सांभाळतात. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, पण सगळी पोरं मामा म्हणतात म्हणून मीही म्हणतो.

रोज सकाळी मामा यंत्रांची हजेरी घेतात. सर्व्हरवर ते नेटवर्क स्कॅनर चालवतात. तो जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला हाक मारतो आणि उत्तर देणाऱ्याची ओळ पडद्यावर उमटवतो. प्रत्येक ओळीला मामा हळूच म्हणतात, "हाय." पुढच्या ओळीला पुन्हा, "हाय." कोवळं ऊन फरशीवरून सरकत असतं, पंखे घुमत असतात, आणि हा माणूस अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पुटपुटत असतो. ऐकता ऐकता मला दोनदा डुलकी लागली आहे.

हा स्कॅनर त्यांनी हाताला लागेल त्या यंत्रावर बसवला. "विंडोज म्हंजे कचेरीतला बाबू. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. पण मधी एक ड्रायव्हर टाकू का म्हणून विचारतंय, त्याला नको म्हणू नका. ते त्याचे कान हायेत." लिनक्स लाडकं: "एक ओळ लिहा, पासवर्ड सांगा, काम खलास." आणि संचालकांचा मॅक? "जावई हाय तो. दोनदा आग्रह केल्याबिगर पाटावर बसत न्हाई."

आमच्या घरी चहाला आले तरी लॅपटॉप सोबत. मात्र आधी विचारणार, "वहिनी, इजाजत हाय का?" न विचारता कुणाच्या जाळ्यात डोकवायचं नाही, हा त्यांचा नियम.

"अण्णा, तुमच्या घरात आठ जण हायेत."

आम्ही माणसं चार. चार मोबाइल, एक टीव्ही, कपाटातला जुना टॅब, झाले सहा. उरलेले दोन फोन शेजारच्यांचे निघाले. मी त्याच संध्याकाळी वायफायचा पासवर्ड बदलला. मामा हळहळले, "ऱ्हाऊ द्यायचे होते. आले होते बिचारे."

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला साठ मुलं होती. पेपर सर्व्हरवरून प्रत्येक यंत्रावर पाठवायचा होता. नऊला मामांनी हजेरी घेतली, भरले एकोणसाठ. एक्केचाळीस नंबरचा पडदा चालू होता, पण सर्व्हरला ते यंत्र दिसेना. त्याच्यासमोर हिमायतनगरहून रात्रीच्या गाडीनं आलेली मुलगी बसली होती. शिष्यवृत्ती मिळाली तरच ती क्लासला येणार होती, आणि परीक्षा त्या एकाच दिवशी होती.

संचालक म्हणाले, "एकोणसाठवर सुरू करा. मामा, तुमचाच स्कॅनर सांगतोय, बंद दिसतंय."

"दिसतंय म्हणतोय सर, हाय म्हणत न्हाई. खालची ओळ वाचा की."

खाली लिहिलं होतं की यंत्र चालू असून हाकेला उत्तर देत नसेल, तर दुसऱ्या रीतीनं विचारा. म्हणजे, आहेस का असं विचारायचंच नाही. आहे असं धरून एकेक दार वाजवत जायचं. याला वेळ लागतो.

"किती वेळ?"

"लागंल तेवढा."

एकोणसाठ पेपर सुरू झाले. संचालक घड्याळ बघत होते, मीही बघत होतो. मुलगी पडद्याकडे बघत होती. अकरा मिनिटं गेली. बाराव्या मिनिटाला एक दार उघडं सापडलं. रात्रीतून अपडेट झालेल्या विंडोजनं स्वतःभोवती भिंत चढवली होती आणि हाकांना ओ देणं बंद केलं होतं. मामांनी पेपरपुरती वाट मोकळी केली. मुलीचा पेपर नऊ एकोणीसला उघडला, आणि शेवटी एकोणीस मिनिटं तिला वाढवून मिळाली.

लॅब रिकामी झाल्यावर मी म्हणालो, "मामा, सरांना असं ताटकळत ठेवलंत. नोकरी गेली असती."

मामांनी चहावर फुंकर घातली.

"भूकंपात मी नऊ वर्षांचा होतो. ढिगाऱ्यावरून लोक हाका मारीत होते. मी ओ दिली, मला काढलं. मंग विचारलं, आत आणखी कोण हाय? मी म्हणलो, आई हाय, पण बोलत न्हाई. त्यांनी तीनदा हाक मारली आन् फुडच्या घराकडं गेले. त्यांची चूक न्हाई, अण्णा. घरं लई होती."

मामा उठले आणि एकेका यंत्रापाशी जाऊन, दिवा विझेपर्यंत थांबून, ते हातानं बंद करू लागले. सर्व्हरवरून एका हुकमात साठही बंद करता येतात.