खडूची गोळी आणि कलम नऊ

माणसाने खोटं बोलणं हा दुर्गुण आहे आणि राष्ट्राने न बोलणं हा निष्काळजीपणा. हे सत्य सगळ्यांना माहीत असलं तरी ते कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आणि जे कायद्यात नसतं ते नीट होत नाही. म्हणून 'लष्करी माहिती व संगणकीय प्रभाव (समन्वय) अधिनियम' आला. त्याखाली जो समन्वय कक्ष उघडला, त्यात मी कक्ष अधिकारी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

कायद्याआधीचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. भूदल, नौदल आणि हवाईदल, तिघेही पलीकडच्या देशात आपापली खोटी माहिती सोडत, आणि कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. भूदलाने पलीकडच्या लोकांत मिसळण्यासाठी इंटरनेटवर एक दुःखी विधवा तयार केली होती. नौदलाने त्याच कामासाठी एक निवृत्त मास्तर तयार केला. या दोघांची गाठ पडली, आठ महिने रोज कडाक्याचं भांडण झालं, आणि दोन्ही दलांनी 'शत्रूच्या जनमानसाशी सखोल संपर्क' असे अहवाल पाठवले. दोघांनाही पदकं मिळाली. (हवाईदल दोघांनाही लाइक देत होतं. त्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं.)

हा सावळा गोंधळ कायद्याने थांबवला. कायदा फार सुंदर आहे. मी तो झोपण्यापूर्वी वाचतो. त्यात 'खोटं' हा शब्द एकदाही येत नाही. जे आपण ठरवून सोडतो ती 'अनुकूल माहिती' आणि जे नुसतंच खरं असतं ती 'असमन्वित माहिती'. कलम चारप्रमाणे अनुकूल माहितीला तिन्ही दलांची लेखी संमती लागते. कलम सात सांगतं की तिचा प्रभाव आपल्या नागरिकांवर पडणार नाही. (या कलमाला सभागृहात सगळ्यात जास्त बाकं वाजली.) आणि कलम नऊप्रमाणे, एकदा सोडलेली अनुकूल माहिती तिन्ही दलं मिळून मागे घेत नाहीत तोवर ती खरी नाही असं कक्षातल्या कोणीही, कुठेही, कोणालाही सांगायचं नाही. 'कुठेही' यात घर, जिना आणि न्हाणीघर येतं. तसा स्पष्टीकरणात उल्लेख आहे.

आजवर एकही माहिती मागे घेतलेली नाही.

तिन्ही दलांत मानाच्या खुर्चीवरून वाद नको म्हणून आमच्यासाठी गोल टेबल बनवून आणलं. ते दारातून आत जाईना. भिंत पाडायची तर बांधकाम खात्याची संमती, आणि आमचं काम गुप्त असल्यामुळे भिंत का पाडायची ते बांधकाम खात्याला सांगता येत नाही. त्यामुळे राष्ट्राचा सगळा समन्वय व्हरांड्यात, हात धुण्याच्या बेसिनशेजारी चालतो. पण काम चोख आहे. पहिल्या वर्षी सोडलेल्या अनुकूल माहितीपैकी बासष्ट टक्के पलीकडे पोचली आणि एकाहत्तर टक्के इकडे परत आली. (बेरीज शंभराच्या वर जाते. कक्षाने क्षमतेबाहेर काम केल्याचं ते लक्षण आहे.)

आता गोळ्यांविषयी. पलीकडच्या देशात हार्टच्या गोळ्यांचा मोठा कारखाना आहे, आणि त्यांचे झाडून सगळे म्हातारे सेनापती त्या गोळ्या घेतात. त्या गोळ्यांत औषध नसून खडू असतो, अशी माहिती सोडावी हा प्रस्ताव हवाईदलाचा. मूळ मसुद्यात 'विष' होतं. पण त्या वर्षीचा विषाचा विषय भूदलाकडे होता, म्हणून तडजोडीने खडू झाला. नौदलाने सुचवलं की फोटो हवा, गोळीने पाटीवर लिहिताहेत असा. गोळी कुठून आणायची? पलीकडचा माल आपल्याकडेही औषधाच्या दुकानात मिळतो, आणि योगायोगाने माझ्या खिशात आत्यासाठी घेतलेली पट्टी होती. त्या फोटोतला हात माझा आहे. नखं नौदलाच्या सांगण्यावरून कापली होती.

माझी आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं आत्याने. आजही घरात आम्ही दोघंच. आत्याने जन्मात कोणावर विश्वास ठेवला नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर नाही, दूधवाल्याच्या मापावर नाही, माझ्या ऑफिसातून यायच्या वेळेवर तर नाहीच. बटाटा ती चारही बाजूंनी दाबून बघते आणि मग भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघते. फोनची गोष्ट वेगळी. फोनवर जे येतं ते कोणी सांगितलेलं नसतं, ते नुसतं 'आलेलं' असतं, आणि आलेल्यावर कोण कशाला संशय घेईल?

खडूचा फोटो पलीकडे गेला आणि आठवड्याच्या आत आत्याकडे आला. मी जेवायला बसलो होतो. तिने चष्मा चढवून मला तो दाखवला. माझाच हात मला दाखवला म्हणा ना.

"कोणी सांगितलं तुला हे?" मी विचारलं.

"कोणी म्हणजे? आलंय."

आत्या नुसत्या आलेल्यावर थांबणारी बाई नव्हे. तिने पट्टीतली एक गोळी काढली आणि ओट्याच्या काळ्या दगडावर तिरपी रेघ मारली. रेघ उमटली, ठसठशीत. पांढरी गोळी दगडावर घासली की रेघ उमटतेच, पण हे वाक्य कलम नऊच्या कक्षेत येत असल्यामुळे मी भाताचा घास घेतला.

"बघ," आत्या म्हणाली, "इतकी वर्षं खडू खाल्ला मी." आणि तिने गोळी बंद केली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हृदय थकलेलं आहे. मी दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या आणल्या. तिने त्यांचीही ओट्यावर परीक्षा घेतली. सगळ्या नापास झाल्या, म्हणजे उत्तम लिहीत होत्या. कुटून जेवणात घालाव्यात, तर स्वयंपाकघरात ती मला पाऊल टाकू देत नाही.

कायद्याच्या चौकटीत राहून मी जे करता येईल ते केलं. 'खडू' म्हटलं की मी खोकायचो. (खोकला हे विधान नव्हे, असा अभिप्राय मी आधी घेऊन ठेवला होता.) आत्याने मला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. मग मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी तिला फोन करून सांगितलं की खडूबिडू काही नाही, गोळी मुकाट्याने घ्या. आत्याने फोन ठेवला आणि म्हणाली, याचं कमिशन बुडतंय. डॉक्टर भला माणूस. त्याने हीच गोष्ट दवाखान्याच्या दारावर कागद लावून सगळ्या पेशंटना सांगितली. ती असमन्वित माहिती ठरली. डॉक्टरांना नोटीस गेली. मसुदा मीच केला होता. चांगला उतरला होता.

शेवटी मी आमच्या कायदा सल्लागार बाईंकडे गेलो. त्यांना आम्ही मागून परंतुकबाई म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'परंतु'पाशी वळतं. मनाने फार चांगल्या आहेत. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि कलम सात उघडलं.

"तुमच्या आत्यांवर प्रभाव पडलेला नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तिने गोळी बंद केली आहे.

"केली असेल. परंतु आपल्या माहितीचा प्रभाव आपल्या नागरिकावर पडत नाही, असं कायदा म्हणतो. कायदा चुकत नाही. म्हणजे आत्यांनी ते मत स्वतः बनवलंय. आणि नागरिकाच्या स्वतंत्र मतात आपण ढवळाढवळ करणं किती गैर आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको."

युक्तिवाद बिनतोड होता. मला, खरं सांगतो, अभिमान वाटला. त्याच्याखाली भीतीही वाटत होती, कारण सकाळीच आत्या जिन्याच्या वळणावर थांबून म्हणाली होती की इथून रस्ता किती छान दिसतो. आमच्या जिन्याच्या वळणावर खिडकी नाही.

परंतुकबाईंनी माझ्याकडे बघितलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांगायला परवानगी नाही हो. दुसरं खोटं सांगायला कोणी अडवलंय?"

त्याच दुपारी मी प्रस्ताव टाइप केला. 'पलीकडच्या गोळ्या इतक्या गुणकारी आहेत की तिथले पुढारी त्या स्वतःसाठी साठवत आहेत. लोकांनी घेऊ नयेत म्हणून खडूची अफवा त्यांनीच उठवली.' अनुकूल माहितीचा इतका देखणा नमुना कक्षातून बाहेर पडला नव्हता. शत्रूची बदनामी होत होती, कलम नऊ शाबूत राहत होतं आणि आत्या गोळी घेणार होती. मी वर लाल अक्षरांत 'तातडीचे' असं लिहिलं. ती माझी चूक झाली. साध्या फायली वरून काढतात. तातडीच्या फायलींचा गठ्ठा वेगळा असतो आणि तो फार जुना आहे.

फाईल गोल टेबलावर आली तेव्हा हवाईदल रुसलं, कारण त्यांच्या माहितीला 'अफवा' म्हटलं होतं. तिथे 'पूर्वीची माहिती' असं केलं. भूदलाला पुढाऱ्यांऐवजी सेनापती हवे होते. नौदलाचं म्हणणं, साठा जहाजावर आहे असं म्हणा, नाहीतर या सगळ्यात नौदल कुठे आहे? जहाज घातलं. मग पलीकडच्या देशाच्या त्या भागाला समुद्र नाही असं कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि समुद्राबद्दल अनुकूल माहिती आधी सोडावी का यावर दोन बैठका झाल्या. घरी आत्याचे पाय सुजले होते. चपला होईनात म्हणून ती माझ्या सपाता घालून फिरायची आणि म्हणायची, तुझ्या पायांना मोठं केलं ते हेच दिवस बघायला. रात्री उशांवर उशा ठेवून बसल्या बसल्या झोपायची. मी रोज व्हरांड्यात त्या टेबलाला हात टेकून उभा राहत असे आणि तिन्ही दलांना अदबीने विचारत असे, की साहेब, सही?

संमती आली. जहाज राहिलं, समुद्र वगळला. माहिती पलीकडे गेली, आणि अपेक्षेप्रमाणे इकडे परत आली. आत्याने चष्मा चढवला, वाचलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू गोळी बंद करायचं मीच सुचवलं होतं.

"चोर मेले," ती म्हणाली. "लोकांना खडू सांगतात आणि स्वतः खातात. आण ती पट्टी."

त्या दिवसापासून गोळी चुकली नाही. पायांची सूज उतरली, माझ्या सपाता मला परत मिळाल्या. महिन्याभरात ती एका दमात जिना चढली, आणि परवा तिने भाजीवाल्याला त्याच्याच काट्यावर उभं राहून दाखवायला सांगितलं. म्हणून म्हणतो, कायद्यावर विश्वास हवा. समन्वय असला की सगळं होतं.

हा लेख प्रसिद्धीआधी, नियमाप्रमाणे, गोल टेबलावर ठेवला होता. कक्षाविषयी कर्मचाऱ्याने लिहिलेल्या मजकुराने जनतेचं मनोबल खचता कामा नये, असं कलम अकरा आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात शेवट एका वाक्याचा होता: संमती आली त्या दिवशी घरात गोळी घ्यायला कोणी नव्हतं. या वाक्याला भूदल, नौदल आणि हवाईदल, तिघांनीही हरकत घेतली, आणि ती त्याच दिवशी संध्याकाळच्या आत माझ्या हाती पडली. इतका वेगवान समन्वय मी नोकरीत दुसरा पाहिलेला नाही. सूज उतरल्याचा मजकूर भूदलाचा आहे, जिना हवाईदलाचा, भाजीवाला नौदलाने सुचवला. 'चोर मेले' एवढं माझं. ती तसंच म्हणाली असती.

हा शेवटचा भाग मी टेबलावर ठेवलेला नाही. ओट्यावरची रेघ मी अजून पुसलेली नाही, हेही त्यांना माहीत नाही.

तुम्हाला मात्र, आत्या जिना चढली तेव्हा, हायसं वाटलं. मी कोण, कुठल्या कक्षात बसतो आणि तिथे काय काम चालतं, हे पहिल्याच परिच्छेदापासून सांगत आलो होतो. तरी हे तुम्हाला कोण सांगतंय, ते तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्यापर्यंत ते आलं होतं, तेवढं पुरलं. तिलाही तेवढंच पुरलं होतं.