शून्य पॉइंट सात

वरचा ८८, खालचा ५२

मी आजवर अकरा ठिकाणी चक्कर येऊन पडलोय आणि एकाही ठिकाणी साधी कपबशी फुटू दिलेली नाही! पोस्टाच्या रांगेत पडलो. गावच्या गरम पाण्याच्या हौदापाशी पडलो, आत नव्हे, काठावर! मेहुणीच्या लग्नात फोटो काढताना पडलो. त्या फोटोत सगळे हसताहेत आणि माझ्या जागी फक्त एक बूट दिसतोय. पडणं ही कला आहे. आधी कानात शिट्टी वाजते, मग समोरच्याचं तोंड जुन्या टीव्हीसारखं मुंग्यामुंग्यांचं होतं, आणि तेवढ्यात शहाण्या माणसाने गुडघ्यात दुमडून

(माफ करा. पाणी प्यायला उठलो होतो. एकदम उठलो. आता बसलोय. कुठे होतो?)

दुमडून हळूच खाली यावं.

तर मियासाका डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, यंत्राला एक चापट मारली, पुन्हा बघितलं.

"उशियामासान, तुम्ही जिवंत आहात ना?"

"बहुतेक."

"मग मीठ खा."

"काय?"

"मीठ हो! मिसोचं सूप, लोणची, खारवलेले उमेबोशी आलुबुखार. पाणी भरपूर प्या. उठताना सावकाश उठा. तुमच्या बाबतीत औषधाची गरज नाही, घरगुती उपाय पुरे. एकदम सोपं!"

सोपं! डॉक्टर तळ्याच्या पलीकडचे. त्यांना आमचं घर ठाऊक नव्हतं.

मी घरजावई आहे. आडनावसुद्धा सासरचं लावतो. आणि आमच्या सासूबाई, तोमिए उशियामा, या आमच्या वाडीच्या 'मीठ कमी करा' मंडळाच्या अध्यक्ष! सासरे एका हिवाळ्यात लोणच्याच्या पिंपाशेजारीच कोसळले. मेंदूत रक्तस्राव. त्यांच्या अस्थी अजून घरातच होत्या, तेव्हा सासूबाईंनी ते पिंप परसात ओढत नेलं आणि कुऱ्हाडीने फोडलं. तेव्हापासून आमच्या घरात मिठाचा खडा नाही. टीव्हीवर सुमो पैलवान आखाड्यात मीठ फेकायला लागले तरी त्या चॅनेल बदलतात!

मला त्या नावाने हाक मारत नसत. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मी 'ऐकलंत का', 'ते', नाहीतर 'आमच्या कायोचे'. त्यांच्या तोंडून एकदा 'शिगेहारू' ऐकावं, एवढीच माझी या जन्मातली महत्त्वाकांक्षा. अशा बाईला जाऊन सांगू, की मला मीठ द्या?

"खबरदार आईला सांगाल तर," माझी बायको कायो म्हणाली. "बाबांच्या मागे तुम्हीही निघालात असं वाटेल तिला. काळीज फाटेल तिचं."

"मग मी काय करू?"

"बाहेर खा की! लोकांचे नवरे बाहेर काय काय करतात. तुम्ही लोणचं खा."

वरचा ८५, खालचा ५०

बेत बिनतोड होता. आमच्या वाडीत कुणाच्याही घरी जा, कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीच्या बैठ्या टेबलाच्या, गोधडीत पाय सारले की समोर चहा येतो आणि चहाबरोबर बशीभर नोझावाना. हिरव्यागार पाल्याचं लोणचं, बर्फात मुरलेलं, खारट म्हणजे कसं? आधी कान हलतात, मग चव कळते. फुकटात उपचार!

पहिलं घर हानाओका आजोबांचं. दार उघडलं आणि आतून असा काही खारट दरवळ आला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं एऽ!" आजोबा माझ्याकडे बघून मागे ओरडले. "तोमिएबाईंचे जावई आलेत!"

आत झाकणं आपटली. काहीतरी जड घसटत गेलं. एक मांजर किंचाळलं. मग आजी हसतमुखाने बाहेर आल्या, हातात सफरचंदाच्या फोडी.

"घ्या जावईबापू!"

"लोणचं..." मी म्हणालो.

"लोणचं?" आजोबा दचकले. "छे छे! ते दिसतं कसं तेही विसरलो आम्ही!"

त्यांच्या दाढीला नोझावानाचं एक पान चिकटलं होतं. त्या पानाकडे मी ज्या प्रेमाने बघितलं, त्या प्रेमाने मी लग्नात कायोकडेही बघितलं नव्हतं.

"आजोबा, दाढीला..."

"जन्मखूण आहे ती!"

पुढचं घर कोइके काकूंचं. तिथे बिनमिठाचा उकडलेला मुळा!

"आमच्याकडे मीठ?" काकूंनी कानाला हात लावले. "अहो, कुणाला पोचवून आलं की अंगावर टाकतात ना, ते मीठसुद्धा बंद केलंय आम्ही. साखर टाकतो!"

मला धक्काच बसला! अख्खी वाडी मला सासूबाईंचा हेर समजत होती. मी जितकी घरं फिरलो तितकी सफरचंदं खाल्ली. आठवड्याने मी इतका फिका पडलो, की बर्फात उभा राहिलो तर फक्त भुवया दिसल्या असत्या. आणि एकदा कोइके काकूंच्या पायरीवरून उतरताना कानात शिट्टी वाजली आणि

(बारावं ठिकाण. काही फुटलं नाही.)

संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"शिगेहारू."

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"तुम्हालाच म्हणतेय. तुम्ही घरोघर फिरता म्हणे. लोणच्यांची चौकशी करता. पाय चालेनात तरी थांबत नाही, असं कोइके सांगत होती." त्यांचे डोळे भरले होते. "मी एकटीच लढतेय असं वाटायचं हो मला."

कायोने खोकल्याचं निमित्त करून तोंडात रुमाल कोंबला.

सासूबाई उठल्या. उठताना क्षणभर खांब धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. मला वाटलं, गहिवर. मग कपाटातून त्यांनी मंडळाचं ते यंत्र आणलं. थर्मामीटरसारखं दिसतं, सूपमध्ये बुडवलं की मिठाचा आकडा दाखवतं. शून्य पॉइंट आठच्या आत आलं तर उत्तम. एकच्या वर गेलं तर सासूबाईंचं तासभर व्याख्यान!

"हे मी आजवर कुणाच्या हातात दिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

आता बोला! 'मला मीठ हवंय' हे सांगायची यापेक्षा वाईट वेळ जगात असेल का?

वरचा ११२, खालचा ७०

हो, आकडा बरोबर वाचलात!

यंत्र घेऊन मी पुन्हा हानाओकांकडे. आजींनी सूपची वाटी पुढे केली. बुडवलं. एक पॉइंट सहा! आजी पांढऱ्या पडल्या. आजोबा नकळत जन्मखूण चाचपायला लागले.

मी वाटीकडे बघितलं. वाफ येत होती. मिसोचा, त्या आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचा, तपकिरी ढग हळूहळू वर येत होता.

"जप्त!" मी म्हणालो.

"म्हणजे?"

"पुरावा नष्ट करावा लागेल." आणि घटाघटा प्यायलो! अहाहा! पायाच्या अंगठ्यापर्यंत मीठ उतरताना कळलं. विझलेल्या शेगडीवर कुणी फुंकर घातली म्हणा.

"शून्य पॉइंट सात," मी जाहीर केलं.

"यंत्र बिघडलंय का हो?" आजोबांनी हळूच विचारलं.

"यंत्र चांगलंय. पण ही गोष्ट तुमच्या-माझ्यात. बाकीच्यांना सांगू नका."

हेच मी प्रत्येक घरात म्हणालो. त्यामुळे प्रत्येक घराला वाटलं, की वाडी सगळी सुधारली, आपलंच तेवढं झाकलं गेलं! मी भेटलो की काकू खिडकीतून कुजबुजायच्या, "जावईबापू, आज पुरावा आहे हो! वांग्याचा!" मी देवळाच्या पायऱ्या चढलो, न थांबता. गालांवर लाली आली.

"बाहेर दुसरं काही चालू नाही ना?" कायोने विचारलं.

"लोणचंच."

"शपथ?"

"नोझावानाची शपथ!"

आणि मग प्रिफेक्चरच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कार्यालयातून फोन आला. आमच्या वाडीइतका कमी आकडा आसपास कुठेच नाही, सत्कार करायचाय! सासूबाईंनी सासऱ्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. "बघताय ना?" एवढंच म्हणाल्या.

मी यंत्र खिशात आणखी खोल सारलं.

वरचा ११८, खालचा ७६

सत्कार वाडीच्या सभागृहात. सासूबाईंची कल्पना: मधोमध एक मोठं पातेलं, प्रत्येक घराने स्वतः घातलेल्या मिसोचा एक गोळा आणून त्यात विरघळवायचा. एका वाडीचं एक सूप!

आता प्रत्येकाने काय विचार केला असेल? 'बाकी सगळ्यांचा मिसो अळणी असणार. चव कशी येईल? आपल्या घरचा एक गोळा जास्त पडला तर कुणाला कळतंय!'

एकूण एक घराने हाच विचार केला.

प्रिफेक्चरहून आलेली नर्स तरुण होती, गंभीर होती, आणि स्वतःचं यंत्र घेऊन आली होती. बुडवलं. बघितलं. झटकलं. पुन्हा बुडवलं.

"एक पॉइंट नऊ," ती म्हणाली.

पातेल्यातला टोफू बुडाल्याचं सगळ्या सभागृहाला ऐकू आलं.

"शक्य नाही!" हानाओका आजोबा उठले. "आमचं शून्य पॉइंट सात आहे! जावईबापूंनी स्वतः पिऊन सांगितलंय!"

"आमचंही!" कोइके काकू. "दोन वाट्या प्यायले!"

"तुमच्याकडे दोन? आमच्याकडे तीन प्यायले!"

"पिऊन?" सासूबाईंचा आवाज अगदी हळू आला. "ते यंत्र बुडवायचं असतं. प्यायचं कशाला?"

सगळ्या माना माझ्याकडे.

"शिगेहारू?"

ज्या नावासाठी बारा वर्षं झुरलो ते असं ऐकू येईल असं वाटलं नव्हतं हो! मी गुडघ्यांवर पडलो, कपाळ चटईला टेकवलं आणि ताडकन उठलो. हा माझा हुकमी उपाय! असं उठलं की शिट्टी, मुंग्या, अंधार! बेशुद्ध माणसाला कोण जाब विचारतं?

काही झालं नाही.

पुन्हा टेकवलं, पुन्हा उठलो. शिट्टी नाही! मुंग्या नाहीत! सगळ्यांचे चेहरे लख्ख दिसत होते, नको इतके लख्ख! आयुष्यभर नको तिथे पडलो, आणि आज गरज होती तर विजेच्या खांबासारखा उभा!

तिसऱ्यांदा उठलो तेव्हा सासूबाईही उठत होत्या, बोलायला. आणि मी त्यांचे डोळे पाहिले. समोरच्याच्या तोंडावर मुंग्या दिसायला लागल्यावर माणूस जसा डोळे मिचकावतो, तशा त्या मिचकावत होत्या. मला कुणी शिकवायची गरज नव्हती. धावलो. गुडघे दुमडायच्या आत धरलं, डोकं माझ्या हातावर, हळूच खाली. त्यांच्या हातातली वाटीसुद्धा फुटू दिली नाही!

वरचा ८२ (माझा नव्हे)

नर्सने पट्टा सोडला. कायोने आईचे पाय उशीवर ठेवले होते. थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे उघडले.

"काकू, जेवणात मीठ किती असतं?" नर्सने विचारलं.

"अजिबात नाही!" सासूबाई आडव्या पडूनसुद्धा ताठ होत्या.

"काकू, जास्त वाईट तसं अजिबात नसणंही वाईट. थोडं लागतं हो. आधीही असं व्हायचं का, उठताना?"

"होतं," मीच म्हणालो. "खांब धरतात. मला गहिवर वाटायचा."

"मोठ्या डॉक्टरांना दाखवाच. आत्ता उठून बसल्या की काहीतरी खारट द्या."

सगळ्यांनी पातेल्याकडे बघितलं.

बसत्या केल्यावर कायोने वाटी पुढे केली. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग वाटीकडे बघतच म्हणाल्या, "तेही असंच म्हणायचे. थोडंच तर आहे, तोमिए."

आजोबांनी दाढी खाजवायची थांबवली.

"किती आहे यात?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी खिशातून आमचं यंत्र काढलं. वाटीत बुडवलं. एक पॉइंट नऊ.

"शून्य पॉइंट सात," मी म्हणालो.

नर्स खोकली. कायो छताकडे बघायला लागली. सासूबाईंनी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग वाटी दोन्ही हातांत धरली, एक घोट घेतला, थांबल्या, आणि सगळी संपवली. गालांवर जरासा रंग आला. वाटी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"मग अजून अर्धी चालेल, शिगेहारू."