चमचाकृमीचं बिऱ्हाड

संग्रहालयातल्या टाकीचा हवेचा पंप नेमका आजच बंद पडला, म्हणून तिथल्या कृमितज्ज्ञाला समुद्रातला जिवंत चमचाकृमी बादलीत घालून घरी आणावा लागला. न्हाणीघरात त्यानं बादली अशी जपून ठेवली, की जणू आत तान्हं बाळच होतं.

उद्या विभागप्रमुख बाई तो कृमी तपासणार होत्या. बाईंच्या मते तो एका कुळातला, ह्याच्या मते दुसऱ्या. सगळा वाद कृमीच्या बुडाशी येऊन अडला होता. तिथे राठ केसांचं एकच कडं असलं तर हा खरा, दोन असली तर बाई खऱ्या. आणि ह्या पठ्ठ्यानं भर बैठकीत टेबलावर हात आपटून "एकच!" म्हणून सांगितलं होतं, तेही न बघता! आता तो गुलाबी, गुबगुबीत प्राणी बादलीतल्या शेवाळलेल्या, वाकड्या काचनळीत शिरून बसला होता आणि बूड काही दाखवत नव्हता.

त्यात चार दिवसांसाठी म्हणून आलेला मेहुणा महिना उलटला तरी हलायचं नाव घेत नव्हता. संध्याकाळी तोच हात पुसत न्हाणीघरातून आला.

"भावोजी, काय घाण पाणी हो त्या बादलीत! ओतून दिलं. नळाचं स्वच्छ भरलंय."

"अरे, समुद्रातला आहे तो! गोड्या पाण्यात फुगून मरेल!"

"मग मीठ घालू की. त्यात काय एवढं?"

बायको मिठाची बरणीच घेऊन न्हाणीघरात धावली आणि ओतू लागली. "किती खारट हवं?"

"समुद्राएवढं!"

"समुद्र चाखलाय कोणी?"

"मी," मेहुणा म्हणाला. "गेल्या सुट्टीत बुडत होतो ना!" त्यानं बोट बुडवून चाटलं. "अजून घाल, ताई. अजून... हां, बस्स. अगदी हीच चव."

तेवढ्यात घाबरलेला कृमी नळीतून बाहेर सरकला, तोही बुडाकडून. कृमितज्ज्ञ भिंग घेऊन ओणवा झाला आणि ओरडलाच, "एकच! एकच कडं!" आनंदाच्या भरात त्यानं मेहुण्याला मिठी मारली.

"म्हणजे झालं तरी काय?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"म्हणजे हा दुसऱ्यांना बिऱ्हाड देणाऱ्या कुळातला," मिठी सोडत तो म्हणाला. "हा बीळ खणतो, आत पाणी खेळवतो, जाळं विणून अन्न पकडतो. मग कुठला खेकडा येतो, कुठला मासा येतो. आयते राहतात, ह्याचं उरलंसुरलं खातात." त्यानं मेहुण्याकडे तिरकं पाहिलं. "आणि जात नाहीत!"

"हा त्यांना काही बोलत नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"एक शब्द नाही."

"मनातसुद्धा?"

"ते अजून शास्त्राला कळलेलं नाही."

सासूबाई हसल्या. "तुम्हीसुद्धा इथे स्वतःची जागा मिळेपर्यंत म्हणूनच आला होतात, जावईबापू. तेव्हा माझा हा लेक शाळेत जायचा. घर ह्याच्या बापानं बांधलेलं. विसरलात वाटतं?"

तो खरोखरच विसरला होता. त्याला फार ओशाळल्यासारखं झालं.

"चला जेवायला," सासूबाई म्हणाल्या. "भाजी अळणी आहे. मीठ तुमच्या पाहुण्याला गेलं."

पानावर बसल्यावर त्यानं मेहुण्याला आग्रहानं वाढलं. "घे रे अजून. आणि इतक्यात जायचं नाही हं!"

"जातोय कोण, भावोजी?" मेहुणा म्हणाला आणि त्यानं ताट पुढे केलं.