शून्य ते शंभर, कुलपासकट

लाल गाडीचं कुलूप काढायचं राहिलं होतं. हे मिस्त्रीला कळलं सकाळी आठ वाजता, आणि शर्यत होती नऊला.

हे कुलूप दाराचं नव्हे, इंजिनाचं. महागडी गाडी वर्कशॉपमध्ये आली की कामगारांना चक्कर मारायचा मोह होतो. म्हणून ती आत घेतानाच लॅपटॉप जोडून तिची ताकद बांधून ठेवायची, अशी तिथली पद्धत. आवाज पुरा, जोर चौथाई. गाडी परत देताना कुलूप काढायचं आणि कागदावर खूण करायची. मिस्त्रीनं खूण केली, कुलूप तसंच राहिलं. गेल्याच महिन्यात या चुकीपायी मालकानं वीस वर्षं काम केलेल्या माणसाला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं.

आणि राहिलं तेही नेमकं दातांच्या डॉक्टरांच्या गाडीत! डॉक्टर हा थोरला साडू. धाकटा साडू फरशा विकायचा. थोरल्यानं लाल स्पोर्ट्‌स कार घेतली, म्हणून महिन्याभरात धाकट्यानं पिवळी घेतली. दोन्ही गाड्यांच्या पुस्तिकांत शून्य ते शंभर जायचा वेळ छापलेला; फरक एक दशांश सेकंदाचा. माणसाला शिंकायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण त्या दशांशापायी दोन सख्ख्या बहिणींनी तीन महिने अबोला धरला होता. वेग विकत घेणाऱ्यांना वेग नकोच असतो; दुसऱ्याकडे तो आपल्यापेक्षा कमी असावा, एवढंच हवं असतं.

शेवटी सासरे वैतागले. त्यांच्या बंद कारखान्यात गेटपासून गोदामापर्यंत चारशे मीटरचा नाकासमोर सरळ रस्ता होता. "या, पळवा, आणि एकदाचे गप्प बसा," असं त्यांनी दोन्ही जावयांना सांगितलं.

मिस्त्री लॅपटॉप पिशवीत कोंबून धावत पोचला. डॉक्टर काळा चष्मा लावून गाडीत बसलेच होते.

"डॉक्टरसाहेब, दोन मिनिटं गाडी द्या. एक तपासणी राहिलीय."

"काही राहिलेलं नाही. परवा तूच सही करून दिलीस."

"तरी पण एकदा..."

"बाबा!" धाकटा गाडीतून ओरडला. "बघा, ऐन वेळी दादा मिस्त्रीकडून गाडीत काहीतरी करून घेतायत!"

"मी?" डॉक्टर धाकट्यावर उसळले. "याला तुम्हीच पाठवलंय! माझ्या गाडीत खोडी करायला!"

खरं सांगावं तर नोकरी जाणार. गप्प बसावं तरी जाणार, फक्त अर्ध्या तासानं.

सासऱ्यांनी निकाल दिला. "कुणीही कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही. मिस्त्री, तुम्ही पिवळीत बसा. डोळ्यांसमोर तरी राहाल." आणि ते स्टॉपवॉच घेऊन गोदामाच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मिस्त्री पिवळीत जाऊन बसला. हिशोब सोपा होता. लाल गाडी निम्म्या वाटेवर असतानाच पिवळी गोदामापाशी पोचणार. डॉक्टर मालकाला फोन लावणार. दुपारच्या जेवणाला आपण घरी, आणि उद्याच्याही.

थोरल्या बहिणीनं रुमाल उंच धरला आणि सोडला. दोन्ही इंजिनं अशी गरजली की गोदामाच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. मिस्त्रीनं सीट घट्ट धरली.

धरायची गरज नव्हती. लाल गाडी शेजारीच होती. शंभर मीटर झाले, तरी शेजारीच. मिस्त्रीनं वाकून धाकट्याच्या पायाकडे पाहिलं. बूट पेडलवर असा टेकवलेला, जणू खाली मांजर झोपलंय. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे.

"साहेब, दाबा की!" कारागीर माणूस, त्याला राहवलं नाही. मग त्यानं स्वतःचीच जीभ चावली.

"दाबलंय ना! अजून किती दाबू? मरायचंय का तुला?"

दोन्ही गाड्या एकदमच गोदामापाशी आल्या.

"सव्वीस सेकंद. दोघांनाही," सासरे म्हणाले. घड्याळाकडे बघत त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मिस्त्री, सव्वीस म्हणजे चांगलं की वाईट?"

दोन्ही साडू मिस्त्रीकडे बघू लागले. अशा गाड्यांना हे अंतर बारा-तेरा सेकंदांचं.

"या रस्त्यावर," मिस्त्री म्हणाला, "याच्याहून कमी वेळात आजवर कुणी गेलेलं नाही."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"माझी पाठ सीटला चिकटली होती!" डॉक्टर म्हणाले.

"मला तर मधलं काही दिसलंच नाही, दादा!"

साडूंनी एकमेकांना मिठी मारली. बहिणी बोलू लागल्या, म्हणजे दोघी एकदमच बोलू लागल्या. दुपारी चाकांतली हवा बघायच्या निमित्तानं मिस्त्री डॉक्टरांच्या दवाखान्यामागे गेला आणि त्यानं गुपचूप कुलूप काढलं. तेव्हा कुठे तो जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं लाल गाडी ढकलत वर्कशॉपमध्ये आली. मागून डॉक्टर पायी.

"काय झालं, डॉक्टर?" मालक केबिनमधून बाहेर आला.

"विचारा तुमच्या मिस्त्रीला! काल याच्या हाताखालून गेली आणि बिघडली. नुसता पाय लावला तर उडाली! कुंपण गेलं, सात कुंड्या गेल्या, बायको आत बसायला तयार नाही. शर्यतीत कशी पळत होती! तशी करून द्या."

"ऐकलंस ना? कर," मालक म्हणाला, आणि मिस्त्रीच्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

आता लपवणार कुठे? मिस्त्रीनं लॅपटॉप जोडला. पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. त्यानं बटण दाबून कुलूप पुन्हा लावलं. डॉक्टरांनी आवारात एक फेरी मारली. गाडी डरकाळ्या फोडत रांगली.

"हा! हाच तो जोर!" डॉक्टर खिडकीतून ओरडले आणि खुशीत निघून गेले.

मालकानं पडद्यावरच्या कुलपाकडे बोट केलं.

"शर्यतीत हे लावलेलं होतं?"

"हो."

"तू विसरला होतास?"

"हो, मालक."

मालकानं त्याला केबिनमध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं. मिस्त्रीनं खिशातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"त्या उचल," मालक हळूच म्हणाला. "माझ्या जावयानं गेल्या आठवड्यात अशीच एक घेतलीय. लेक शेजारी बसते रे त्याच्या. उद्या ती गाडी पाठवतो."

"कागदावर काय लिहायचं?"

मालकानं केबिनचं दार उघडलं.

"लिही, पिकअप वाढवला."