आगरातलं मीठ आणि रंगलेला पेरू

दातांचा डॉक्टर मी तोवर फक्त चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर पाहिला होता! आपल्याला गरजच काय? आम्ही पेणकरपाड्याचे जुने मिठागरवाले. आगरं गेली, टॉवर आले, पण जाड्या मिठाची एक गोण माझ्या घरात अजून आहे. रोज सकाळी बोटावर मीठ घ्यायचं आणि करपलेली कढई घासावी तसे दात घासायचे. रक्त आलं की समजायचं, घाण निघतेय!

"आवं, घाण न्हाय, हिरड्या सोलवटतायत!" आमची मंजुळा ओरडायची. "डॉक्टरला दाखवा."

"मी? डॉक्टरच माझ्याकडे शिकायला येईल!"

मग एका रविवारी जेसल पार्कहून पाहुणे आले, आमच्या कृतिकाला बघायला. बघायला कसलं, तिचं आणि साहिलचं आधीच ठरलं होतं. फक्त साहिलच्या वडिलांचा, पंढरीनाथरावांचा होकार बाकी होता. मूळचे रत्नागिरीकडचे, भलते कडक. बसल्या बसल्याच म्हणाले, "एक सांगतो. तंबाखू-गुटख्याच्या घरात सोयरीक नाही म्हणजे नाही!"

"आमच्याकडे सुपारीचं खांडसुद्धा सापडायचं नाही!" मी छाती फुगवली. खास दिवस म्हणून सकाळी मीठही दुप्पट लावलं होतं.

मंजुळाने पेरूच्या फोडी पुढे केल्या. पंढरीनाथराव तोंडावर हात धरून म्हणाले, "नको, कडक वाटतात."

"कडक? अहो, हे बघा!" मी टोपलीतला अख्खा पेरू उचलला आणि कचकन चावा घेतला.

सगळे पेरूकडे बघतच राहिले. पांढऱ्या गरावर लालभडक दातांची रांग उमटली होती!

"हे काय?" पंढरीनाथराव.

"आतून लाल जात आहे ही," मी ठोकून दिलं.

"मग ताटलीतल्या फोडी पांढऱ्या कशा?" त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "पान, की गुटखा?"

"मीठ!"

"मिठाने तोंड रंगतं? चल रे साहिल!" ते चपला शोधायला लागले.

कृतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, खरं सांगा, लपूनछपून खाता?"

अहो, माझी सख्खी पोरगी! पेरूपायी पोरीचं लग्न मोडणार?

"थांबा!" मी दारात आडवा झालो. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. तिथेच होऊ दे निकाल!"

एका रिक्षात पाच जण कोंबले. "भाईसाब, चार भी ज्यादा है," रिक्षावाला कुरकुरला. "शादी का मामला है!" म्हटल्यावर सुटला.

डॉक्टर निशिगंधांनी माझ्या तोंडात दिवा मारला. "तंबाखू नाही. पण हिरड्या सुजल्यात, दातांवर थर चढलाय. आणखी उशीर केलात तर दात हलतील! घासता कशाने?"

मंजुळाने पर्समधून मिठाची पुरचुंडी काढली. बाई तयारीनेच आली होती.

"काका, हे दात आहेत, मोरीची फरशी नाही! रक्त येतं म्हणजे हिरड्या आजारी आहेत. आधी थर काढून घ्या. मग मऊ ब्रश, सकाळी आणि झोपताना, हलक्या हाताने. फटीसुद्धा साफ करायच्या."

"झाली खात्री?" मी पंढरीनाथरावांना विचारलं. त्यांनी तोंडावर हात धरूनच मान हलवली.

डॉक्टरने ते हेरलं. "तुम्हीपण बसा जरा."

"मला काय झालंय?"

साहिलने त्यांना धरून बसवलं. दिवा लागला.

"तुम्ही कशाने घासता?"

"मशेरीने! आमच्याकडे आईपासून तीच."

"म्हणजे भाजलेली तंबाखू!"

"छे हो! तंबाखू कुठली? ते मंजन आहे!"

आधी साहिलला हसू फुटलं, मग कृतिकाला. मंजुळा तर पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. पंढरीनाथरावांनी शेवटी खुर्चीतूनच हात पुढे केला. "व्याही, सोयरीक पक्की समजा. फक्त हे गावाला कळता कामा नये."

मी शब्द दिला. पण परवा डॉक्टर निशिगंधांच्या वाढदिवसाचा बॅनर चौकात लागला. कृतिका-साहिलचा उद्योग! खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा दोघा व्याह्यांचे हे मोठे फोटो. दोघांचीही तोंडं गच्च मिटलेली आणि वर लिहिलंय, 'उपचार चालू आहेत!'