गुरुपादच्या सोयरिकीचं वरण

गुरुपादचं लग्न झालं ते साल त्र्याऐंशी. त्याआधी राणीसावरगावात त्याला बघायला आलेले दोन पाहुणे वरण खाऊन उठून गेले होते. गुरुपादच्या आळीतल्या विहिरीचं पाणी इतकं जड, की सरपण संपलं तरी तुरीची डाळ शिजत नसे. "पोरगी चुलीपुढंच म्हातारी व्हायची," असं म्हणून दोघांनी पाठ फिरवली.

थोरला भाऊ शिवाप्पा परभणीला तेलाच्या गिरणीत बॉयलरवर होता. बॉयलरला हलकं पाणी लागतं, म्हणून तिथल्या टाकीत मोहरीएवढे पिवळसर मणी भरलेले असत. फिटर भुजंगनं त्याला समजावलं होतं, "हे मणी बनवायच्या कारखान्यात पातळ राळ पाण्यात घुसळत्यात. थेंब तापवून घट्ट करायचे, अन् त्यात मिसळलेलं तेल काढून घ्यायचं. मग भोकं ऱ्हात्यात. त्यात पाण्याचा चुना अडकतो. मणी दमले की मिठाचं पाणी पाजायचं, मग लय धुवायचं."

गिरणीत नवे मणी आले, तसे शिवाप्पानं जुने मागून घरी आणले. बुडाला भोक पाडलेल्या घागरीत फडकं अंथरून त्यावर ते ओतले. वरून विहिरीचं पाणी, खालून हलकं. त्याच्या बायकोची, महादेवीची, डाळ लोण्यासारखी शिजली. सासू गंगम्माला इतका आनंद झाला, की तिनं साऱ्या आळीला सांगितलं. सारी आळी हंडे घेऊन आली.

तिसरे पाहुणे मन्मथप्पा यायचे त्या सकाळी महादेवी ओरडली, "अवं, डाळ नुसती उड्या मारायलीय!"

"मणी दमले. आळीनं पार पिळून काढले. मीठ आण!" शिवाप्पा म्हणाला.

"अन् ही डाळ?"

"म्हशीला घाल."

मिठाचं पाणी पाजून झालं, तोवर पाहुणे वेशीत आले. धुवायला वेळ कुठला? दुसरी डाळ शिजली, पण खारट. गंगम्मानं गूळ टाकला. गोड झाली म्हणून चिंच पिळली.

मन्मथप्पांनी घास घेतला आणि थांबले. "घरात कोन आजारी हाय का?"

"न्हाई जी," शिवाप्पा म्हणाला.

"मग हे काय वाढलं? डाळ कशी, दाताखाली यायला पायजे."

गुरुपादचा चेहरा उतरला. पाहुणे हात धुवायला परसात गेले आणि म्हशीच्या टोपल्यापाशी अडले. चिमूटभर डाळ तोंडात टाकली.

"हे कोनाचं?"

"म्हशीचं, अप्पा," शिवाप्पा कसाबसा बोलला.

"अस्सल आमच्या गावच्या जड पान्यातल्यावानी! वैनी, भाकर आना." ते तिथंच उकिडवे बसले. म्हैस बघत राहिली. पोटभर जेवून ते म्हणाले, "म्हशीला इतकं चांगलं घालता, तर माझ्या पोरीला काय कमी पडंल? सोयरीक पक्की!"

मन्मथप्पांची सत्यशीला नांदायला आली आणि विहिरीच्याच पाण्यात डाळ शिजवू लागली. गुरुपाद मुकाट्यानं चावू लागला. मण्यांची घागर गंगम्मानं आपल्यापुरती चुलीशी ठेवून घेतली. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

गंगम्मा एकोणनव्वदच्या श्रावणात वारली. मन्मथप्पा त्याच वर्षी दिवाळीत गेले.