कदम सरांची शिट्टी

रुजू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी कदम सरांनी आमच्या मुख्याध्यापकांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यानं पळायचं, हा त्यांचा नियम. मुख्याध्यापक हसले, तर हे शांतपणे म्हणाले, "पोट सुटलंय म्हणून नियमाला सूट न्हाई, साहेब." आणि साहेब पळाले, हातातल्या फायलीसकट. आम्ही शिक्षक दारात थिजून उभे होतो.

चुडाव्याजवळच्या आमच्या शाळेत कदम सर खेळ शिकवत, मी गणित. "बाई, गणितानं डोकं तयार होतंय, माणूस मैदानावर. इमान तळपायातून वर चढतंय," असं ते रोज ऐकवत. मला ते पटत नसे. उड्या मारून कुणी सज्जन झाल्याचं मी पाहिलं नव्हतं. शिवाय माझा अभ्यासक्रम मागे पडला की मी त्यांचाच तास घेई. एकदा त्यांनी माझ्या वर्गाच्या दारात येऊन शिट्टी मारली. मी शिकवत असतानाच सगळा वर्ग पळून गेला. स्वतःच्या पुतणीच्या लग्नातही त्यांनी शिट्टी मारून पंगत उठवली होती, रांग वाकडी बसली म्हणून.

यंदा आमच्या मुली तालुक्याच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात पोचल्या. मीही सोबत गेले. शेवटचा डाव होता, आम्ही एका गुणानं पुढं. मेंढपाळाच्या घरची आमची रुख्मा अनवाणी पळत होती. तिनं हुलकावणी दिली, पंचानं खेळ चालू ठेवला, आमचं गाव ओरडायला लागलं. आणि रुख्मा थांबली.

"पंच, मी औट हाय," ती म्हणाली. "पाठीला हात लागलाय."

पंचानं तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. राहिलेल्या वेळात आमची आणखी एक मुलगी बाद झाली आणि आम्ही हरलो. सरपंचांनी हातातला हार तसाच पिशवीत कोंबला.

कदम सर दिसेनात. रुख्मा माझ्याजवळ आली. "बाई, सर रागावले का?" तिला घेऊन मी शोधायला निघाले. पाण्याच्या टाकीमागं ते मातीत बसून रडत होते. असे रडणारे कदम सर मी कधी कल्पिले नव्हते.

"सर, माझं चुकलं का?" रुख्मानं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "पोरी, मी तुझ्यासारखा पळत होतो तवा, अशाच फायनलला मला हात लागला होता. पंचाला दिसला न्हाई. मी पळत राहिलो. त्याच सर्टिफिकिटावर ही नोकरी लागली."

मी तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना पळवणारा हा माणूस.

रुख्मानं थोडा विचार केला. "कुणाला सांगितलं होतं का, सर?"

"न्हाई. तुलाच पहिल्यांदा सांगायलोय."

ती त्यांच्या शेजारी मातीत बसली. आपली पाण्याची बाटली उघडून तिनं त्यांच्या हातात दिली.

"आधी पाणी प्या," ती म्हणाली. "मी बसते इथंच."